कॅप, गाऊन आणि मतपेटी: ब्लॅक कॉलेज तरुणींच्या मताधिकार लढ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वॉशिंग्टन डीसीजवळ राहते, आणि भारतातून कोणी पाहुणे आले की त्यांना पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर एक चक्कर मारायला नेते. चालता चालता १९१३ च्या मोर्चाची गोष्ट निघतेच, मग मंडळी घरी परतली की मेसेज सुरू होतात, आणि गंमत म्हणजे विचारणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढू. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा, त्यामुळे जिथे उत्तर दुसरीकडे आहे तिथे तसा नंबर दिलाय.

१. हे प्रकरण नेमकं काय आहे? थोडक्यात सांगा ना.

अमेरिकेत बायकांना मत मिळावं म्हणून सत्तर-बहात्तर वर्षं लढा चालला. पुस्तकांत, सिनेमात त्यातल्या गोऱ्या बायका दिसतात, पांढरे ड्रेस, खांद्यावरून पट्टे वगैरे. पण त्याच लढ्यात ब्लॅक बायकाही होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच पुढे असणाऱ्या जणी कॉलेजात शिकलेल्या किंवा शिकत असलेल्या होत्या. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीतल्या मुली १९१३ मध्ये कॅप आणि गाऊन घालून राष्ट्रीय मोर्चात चालल्या, हा त्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. त्यांना दोन्हीकडून ढकललं जात होतं, बाई म्हणून एक आणि ब्लॅक म्हणून दुसरं. डिग्री हा त्यांचा युक्तिवाद होता. ती डिग्री मतदार नोंदणीच्या टेबलावर किती उपयोगी पडली हे प्रश्न १५ मध्ये सांगितलंय, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट तिथे आहे.

२. सफ्रेजेट म्हणायचं की सफ्रेजिस्ट?

अमेरिकेतल्या बायकांना सफ्रेजिस्ट. सफ्रेजेट हा शब्द इंग्लंडमधल्या आक्रमक गटासाठी आधी एका पेपरने खिजवायला काढला आणि मग त्यांनीच तो अभिमानाने घेतला. मराठीत सरळ 'मताधिकारवाल्या' म्हटलं तरी कोणाचं काही बिघडत नाही.

३. 'ब्लॅक' लिहिणं बरं दिसतं का? 'कृष्णवर्णीय' जास्त सभ्य नाही का वाटत?

इथली माणसं आज स्वतःला ब्लॅक म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. 'कृष्णवर्णीय' चुकीचा नाही पण वर्तमानपत्री वाटतो, रोज कोणी तसं बोलत नाही. जुन्या कागदपत्रांत 'कलर्ड' आणि 'नीग्रो' हे शब्द सर्रास दिसतील, त्या बायका स्वतःही ते वापरत. मूळ मजकूर वाचताना दचकू नका, आज मात्र ते वापरायचे नाहीत.

४. त्या काळी ब्लॅक मुली कॉलेजात जात तरी होत्या का?

होत्या, पण मूठभर. गुलामगिरी संपली १८६५ ला. त्याच्याही आधी, १८६२ मध्ये, ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजातून मेरी जेन पॅटरसन बीए झाली, तीन वर्षांनी नाही तर तीन वर्षं आधी, हे दोनदा वाचावं असं आहे. ओबर्लिनने १८३५ पासून ब्लॅक विद्यार्थ्यांना घ्यायला सुरुवात केली होती. मग यादवी युद्ध संपल्यावर हॉवर्ड, फिस्क, अटलांटा युनिव्हर्सिटी अशा मुख्यतः ब्लॅक विद्यार्थ्यांच्या संस्था निघाल्या, आणि शिकलेल्या बहुतेक मुली शिक्षिका झाल्या कारण दुसरी दारं जवळपास बंदच होती. तरी काही डॉक्टर झाल्या, काही वकील. शार्लट रे १८७२ मध्ये हॉवर्डमधून कायदा शिकून बाहेर पडली, देशातली पहिली ब्लॅक महिला वकील. मेरी अ‍ॅन शॅड केरी तर साठीला आलेली असताना, १८८३ मध्ये, तिथूनच कायद्याची पदवी घेऊन बसली, आणि त्याच्या आधीच, १८७१ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली होती. अर्थातच नोंदवून घेतलं नाही.

५. हॉवर्ड म्हणजे हार्वर्डच ना? टायपो आहे का?

नाही हो. हा प्रश्न इतक्यांदा आलाय की मी आता बोलतानाच 'हॉ' वर जोर देते. हार्वर्ड मॅसॅच्युसेट्समध्ये. हॉवर्ड वॉशिंग्टन डीसीत, १८६७ ला सुरू झालेली, जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांच्या नावाची. मुलींना पहिल्या दिवसापासून प्रवेश. आणि मजा अशी की पहिल्या विद्यार्थिनी चक्क संस्थेशी संबंधित मंडळींच्या गोऱ्या मुली होत्या.

६. सोरोरिटी म्हणजे काय? कमला हॅरिस त्यातल्याच ना?

कॉलेजातल्या मुलींची संघटना, ग्रीक अक्षरांचं नाव असलेली. आपल्याकडच्या हॉस्टेलच्या ग्रुपसारखी नाही, कारण ती जन्मभर चालते. साठ वर्षांच्या आजीबाईसुद्धा आपल्या सोरोरिटीचे रंग घालून कार्यक्रमाला येतात आणि एकमेकींना 'सिस्टर'सारखंच वागवतात.

हॉवर्डमध्ये १५ जानेवारी १९०८ ला अल्फा कप्पा अल्फा सुरू झाली, ब्लॅक मुलींची पहिली. कमला हॅरिस यातल्या, गुलाबी आणि हिरवा रंग. १९१२ मध्ये तिथल्याच काही मुलींना वाटायला लागलं की नुसतं चहापाणी आणि आपापसातली मैत्री पुरे नाही, नाव बदलू, घटना बदलू, बाहेरच्या राजकारणात उतरू. आधीच्या सिनियर मुलींना ते पटलं नाही, विशेषतः नेली क्वांडर नावाच्या माजी विद्यार्थिनीला, आणि तिने पटापट हालचाल करून जुन्या नावाची संस्था २९ जानेवारी १९१३ ला कायदेशीर नोंदवूनच टाकली. तोवर त्या बावीस जणी बाहेर पडून १३ जानेवारी १९१३ ला डेल्टा सिग्मा थीटा स्थापून मोकळ्या झाल्या होत्या. लाल रंगवाल्या त्या या. आजही दोन्हीकडच्या बायका एकमेकींना टोमणे मारतात, प्रेमाने.

७. मग ३ मार्च १९१३ ला झालं तरी काय?

तारीख नीट बघा. दुसऱ्या दिवशी, ४ मार्चला, वुड्रो विल्सन यांचा शपथविधी. तेव्हा शपथविधी मार्चमध्ये व्हायचा. सगळा देश, सगळे पत्रकार शहरात. अ‍ॅलिस पॉल आणि लूसी बर्न्स या दोघींनी मुद्दाम आदला दिवस निवडला. पुढे पांढऱ्या घोड्यावर इनेझ मिलहॉलंड, मागे पाच हजारांहून जास्त बायका, राज्याराज्याच्या तुकड्या, व्यवसायांच्या तुकड्या, रथ, बँड. कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदेच्या, पायथ्यापासून ट्रेझरी बिल्डिंगपर्यंत.

थोड्याच वेळात गर्दी रस्त्यावर उतरली. बहुतेक पुरुष, शपथविधीला आलेले, बरेचसे प्यायलेले. धक्काबुक्की, थुंकणं, शेरेबाजी, आणि पोलीस एकतर बघत उभे नाहीतर हसत. रुंद अ‍ॅव्हेन्यू इतका अरुंद झाला की काही ठिकाणी एकेकीला मागेपुढे चालावं लागलं. शंभराच्या वर माणसं हॉस्पिटलात गेली आणि शेवटी फोर्ट मायरच्या लष्करी तळावरून घोडदळ बोलवावं लागलं. नंतर सिनेटने चौकशी केली.

या गर्दीतून हॉवर्डच्या मुली चालल्या. डेल्टा जेमतेम सात आठवड्यांची. त्यांचं पहिलंच जाहीर काम हे. अंगावर काळे गाऊन, डोक्यावर चौकोनी टोपी. आपल्याकडे पदवीदानाला तासाभरासाठी भाड्याने घेतो ना, फोटो काढून परत करतो, तोच पोशाख. पण त्या दिवशी त्याचा अर्थ वेगळा होता. 'अडाणी माणसांना मत कशाला' असं म्हणणाऱ्या देशाच्या राजधानीत, ज्यांच्या आजीला अक्षर शिकवणं दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुन्हा होता त्या मुली विद्यापीठाचा वेश घालून भर रस्त्यातून चालत होत्या. भाषणाची गरजच नव्हती.

८. पण त्यांना मोर्चाच्या शेवटी चालायला लावलं ना? सगळीकडे तसंच वाचलंय.

इथे जरा सावकाश. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त वेळा अर्धवट सांगितला जाणारा प्रश्न.

काय नक्की झालं ते आधी. आयोजकांना, म्हणजे अ‍ॅलिस पॉल यांना, भीती होती की ब्लॅक बायका आल्या तर दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका चालणार नाहीत. म्हणून आधी विषय शक्य तितका दाबायचा, प्रसिद्धी करायची नाही, असं धोरण. फेब्रुवारीत नेली क्वांडरचं (हो, प्रश्न ६ मधलीच) पत्र आलं की हॉवर्डच्या मुलींना यायचंय, चांगली जागा द्या, वंशावरून भेदभाव होणार असेल तर आम्हाला यायचं नाही. किती सरळ भाषा. आणि मोर्चाच्या तोंडावर राष्ट्रीय मताधिकार संघटनेच्या मुख्यालयातून तार आली की कलर्ड बायकांना येऊ नका असं सांगितलं जातंय असं कळतं, हे आमच्या सूचनांच्या विरुद्ध आहे, ज्यांना चालायचंय त्यांना इतरांसारखीच वागणूक द्या.

शिकागोच्या ब्लॅक पत्रकार आयडा बी. वेल्स यांना मात्र त्यांच्या इलिनॉयच्या तुकडीने तोंडावर सांगितलं की तुम्ही वेगळ्या ब्लॅक गटात चाला. (पुढचं प्रश्न ११ मध्ये.)

आता प्रत्यक्षात. 'द क्रायसिस' या ब्लॅक मासिकाच्या एप्रिल १९१३ च्या अंकात कोण कुठे चाललं याची यादीच छापली होती. त्यात ब्लॅक बायका वेगवेगळ्या तुकड्यांत दिसतात, कलाकारांत एक, शिक्षिकांत एक, कॉलेज बायकांत सहा, डॉक्टर दोघी, मिशिगनच्या तुकडीत तर झेंडाच एका ब्लॅक बाईच्या हातात. म्हणजे 'सगळ्यांना शेवटी उभं केलं' हे सरसकट वाक्य त्या यादीशी जुळत नाही. दुसरीकडे डेल्टाच्या स्वतःच्या आठवणींत मागे ढकललं गेल्याची सल आहे, आणि ती खोटी म्हणायचं काही कारण नाही कारण दबाव खराच होता. मी पाहुण्यांना असं सांगते: मागे जा असं सांगण्याचा प्रयत्न झाला, काहींच्या बाबतीत उघडपणे झाला, आणि बऱ्याच जणींनी तो मानला नाही.

९. हॉवर्डच्या नेमक्या किती मुली होत्या, २२ की २५?

बावीस हा डेल्टाच्या संस्थापकांचा आकडा. पंचवीस हा 'द क्रायसिस'चा, 'कॅप आणि गाऊनमधल्या पंचवीस मुली' असा उल्लेख आहे आणि तिथे सोरोरिटीचं नाव नाही, फक्त हॉवर्ड युनिव्हर्सिटी. दोन्ही आकडे एकमेकांवर चिकटवून 'बावीसच्या बावीस चालल्या' असं ठासून सांगू नका एवढंच.

१०. म्हणजे अल्फा कप्पा अल्फाच्या मुली नव्हत्या?

जागा मागणारं पत्रच त्यांच्या नेलीचं (प्रश्न ८). त्यामुळे 'फक्त डेल्टा' असं म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. डेल्टाने हा दिवस आपली ओळख म्हणून शंभर वर्षं जपला, म्हणून त्यांचं नाव पुढे आलं. माझ्या एका शेजारणीसमोर मी हे बोलले होते, ती लाल रंगवाली, तिने मला नंतर आठवडाभर चिडवलं.

११. आयडा बी. वेल्स कॉलेजच्या नव्हत्या, मग त्यांचं नाव इथे का येतं?

अगदीच नव्हत्या असं नाही. मिसिसिपीतल्या ज्या कॉलेजात त्या गेल्या, आजचं रस्ट कॉलेज, तिथून त्यांना काढून टाकलं होतं, आणि पुढे सुट्ट्यांमध्ये त्या फिस्कला वर्ग करत. म्हणजे डिग्री नाही, पण कॉलेजशी नातं आहे.

मोर्चात त्यांनी केलं काय, तर वाद घातला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दिसेनाशा झाल्या. लोकांना वाटलं गेल्या रागावून. त्या होत्या फुटपाथवरच्या गर्दीत. इलिनॉयची तुकडी समोरून जायला लागली तशा शांतपणे गर्दीतून निघून ओळीत शिरल्या, बेल स्क्वायर आणि व्हर्जिनिया ब्रुक्स या दोन गोऱ्या मैत्रिणींच्या मध्ये, आणि शेवटपर्यंत चालल्या. शिकागो ट्रिब्यूनमध्ये फोटोही आला. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी शिकागोत अल्फा सफ्रेज क्लब काढला होता आणि जूनमध्ये इलिनॉयने बायकांना राष्ट्राध्यक्ष आणि शहराच्या निवडणुकीपुरतं मत दिलं. क्लबने घरोघर जाऊन ब्लॅक बायकांची नावं नोंदवली, आणि १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोचे पहिले ब्लॅक नगरसेवक झाले. मोर्चाच्या फोटोपेक्षा मला ही नोंदणी जास्त मोठी वाटते, जिने चढून दारं वाजवायची, दार उघडणारा नवरा 'घरी बसा की' म्हणणार, तरी पुढच्या रविवारी परत यायचं.

१२. मेरी चर्च टेरेल कोण? प्रत्येक गोष्टीत त्यांचं नाव कसं?

कारण त्या खरंच प्रत्येक गोष्टीत होत्या. जन्म १८६३, आईवडील गुलामगिरीत जन्मलेले, वडील पुढे मेम्फिसमध्ये श्रीमंत झाले. ओबर्लिनला मुलींसाठी दोन वर्षांचा सोपा कोर्स असायचा, टेरेल यांनी मुलांचा चार वर्षांचा घेतला, ग्रीक-लॅटिनसकट. मैत्रिणींनी भीती घातली की एवढं ग्रीक शिकलीस तर नवरा मिळणार नाही. (आपल्याकडे हे वाक्य अजूनही विषय बदलून ऐकू येतं.) एकदा वर्गात इंग्लंडचे प्रसिद्ध कवी मॅथ्यू आर्नल्ड पाहुणे म्हणून आले होते, सरांनी टेरेल यांना ग्रीक वाचायला उभं केलं, आर्नल्ड खूष. नंतर त्यांना सांगितलं की ही मुलगी आफ्रिकन वंशाची आहे तर गृहस्थ चकित, कारण त्यांची समजूत अशी की त्या वंशाच्या माणसांची जीभ जाड असते आणि ग्रीक उच्चार जमत नाहीत! टेरेल यांनी हे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

१८८४ ला बीए. १८९१ ला लग्न झालं आणि वॉशिंग्टनमधली शिक्षिकेची नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईने शिकवायचं नाही असा नियम. १८९६ मध्ये ब्लॅक बायकांच्या क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष. १८९८ मध्ये मताधिकार संघटनेच्या अधिवेशनात भाषण, १९०४ मध्ये बर्लिनला जाऊन जर्मनमध्ये भाषण. १९१० मध्ये वॉशिंग्टनच्या शिकलेल्या ब्लॅक बायकांनी कॉलेज अलम्नी क्लब काढला, त्यातही त्या. १९१३ च्या मोर्चात डेल्टाच्या मुलींबरोबर होत्या असं डेल्टा सांगते, 'द क्रायसिस'च्या यादीत त्यांचं नाव कॉलेज बायकांच्या तुकडीत आहे. १९१७ मध्ये व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभ्या राहणाऱ्यांत त्या आणि त्यांची मुलगी फिलिस दोघी होत्या. डेल्टाची शपथही त्यांनीच लिहून दिली.

आणि एवढं सगळं झाल्यावर १९४६ मध्ये शिकलेल्या बायकांच्याच एका मोठ्या संघटनेच्या वॉशिंग्टन शाखेने त्यांना सभासद करून घेतलं नाही. वय तेव्हा ८२-८३. त्यांनी वाद सोडला नाही आणि १९४९ ला त्या संघटनेला बदलावं लागलं.

१३. हे सगळं उत्तरेकडचं झालं. दक्षिणेत कोणी होतं का?

होतं, पण तिथे मोर्चे काढायची सोय नव्हती. अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूट या ब्लॅक विद्यार्थ्यांच्या संस्थेत अ‍ॅडेला हंट लोगन शिकवायच्या, अटलांटा युनिव्हर्सिटीच्या १८८१ च्या बॅचच्या. कॅम्पसवरच्या महिला क्लबमध्ये त्या मताधिकारावर चर्चा लावत. राष्ट्रीय मताधिकार संघटनेच्या आजीव सभासद, तेही अशा राज्यातून जिथे तो शब्द काढणाऱ्या गोऱ्या बायकाही थोड्याच. त्यांचा वर्ण इतका गोरा की अनोळखी माणसाला त्या गोऱ्याच वाटत, आणि त्याचाच फायदा घेऊन त्या दक्षिणेतल्या अधिवेशनांना जाऊन बसत जिथे ब्लॅक बाईला दारातही उभं केलं नसतं. तिथे ऐकलेलं टस्कीगीला येऊन सांगत.

'द क्रायसिस'च्या सप्टेंबर १९१२ च्या अंकात त्यांचा लेख आहे. पण आधीच्या एका लेखातला त्यांचा मुद्दा मला जास्त धारदार वाटतो: गोऱ्या बायकांना इतक्या सवलती असूनही जर मताची गरज वाटते, तर ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्या ब्लॅक माणसांना, पुरुष काय आणि बाई काय, ती किती जास्त असेल? डिसेंबर १९१५ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मत द्यायचं राहूनच गेलं.

१४. ब्लॅक पुरुषांचा पाठिंबा होता का? की तिथेही 'चूल आणि मूल'?

दोन्ही. 'द क्रायसिस'चे संपादक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ठाम बाजूने, ऑगस्ट १९१५ चा अंक तर याच विषयाला दिलेला, त्यात ओबर्लिनच्या मेरी टॅलबर्ट, हॉवर्डमध्ये शिकवलेल्या कोरली फ्रँकलिन कुक अशा बायकांचे लेख. पण तीनच महिन्यांनी त्याच मासिकात केली मिलर यांचा विरोधी लेख आला. हे मिलर कोण, तर हॉवर्डचे डीन! ज्या मुली टोपी घालून रस्त्यावर उतरल्या त्यांच्याच कॉलेजचे. म्हणणं असं की बाईचं क्षेत्र घर. डु बॉइस यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं. म्हणजे या मुलींना बाहेर पोलीस आणि गर्दी, आत कॅम्पसवर डीनसाहेब.

१५. १९२० मध्ये तर सगळ्याच बायकांना मत मिळालं ना? मग प्रश्न मिटला की.

कागदावर मिटला. एकोणिसावी घटनादुरुस्ती २६ ऑगस्ट १९२० ला लागू झाली, तिच्यात लिहिलंय की लिंगावरून मत नाकारता येणार नाही. वंशावरून नाकारता येणार नाही हे तर १८७० पासून लिहिलेलं. मग अडकलं कुठे? दक्षिणेतल्या राज्यांनी बाई किंवा ब्लॅक हा शब्द न वापरता दारं लावली होती. ती कशी चालायची ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही.

एक, पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर भरायचा कर. अलाबामात वर्षाला दीड डॉलर, आणि थकबाकी साचत जाणारी, वाढत वाढत ३६ डॉलरपर्यंत. शेतात राबणाऱ्या घराला ते म्हणजे डोंगर. दोन, वाचन आणि 'समज' परीक्षा. नोंदणी करणारा कारकून घटनेचं कलम समोर ठेवणार, वाचा आणि अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार तोच. समोर पदवीधर शिक्षिका आणि टेबलापलीकडे कदाचित शाळा अर्धवट सोडलेला गृहस्थ, आणि नापास होणार ती. तीन, व्हाइट प्रायमरी. टेक्सासमध्ये १९२३ च्या कायद्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत ब्लॅक मतदारांना बंदी, आणि तिथे खरी निवडणूक प्राथमिक फेरीतच व्हायची. ते १९४४ ला सुप्रीम कोर्टाने मोडलं. चार, हे सगळं चुकवून कोणी पुढे गेलंच तर नोकरी जायची, घर जळायचं.

आता टस्कीगीकडे परत या. लोगनबाईंचं गाव. तिथे नंतर इतके प्राध्यापक, डॉक्टर जमले की परीक्षा घेऊनही नोंदणी थांबेना, तर १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव २८ बाजूंचं विचित्र आकाराचं केलं आणि जवळपास सगळे ब्लॅक मतदार, इन्स्टिट्यूटसकट, हद्दीबाहेर. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही मोडलं. मतदान हक्क कायदा आला ६ ऑगस्ट १९६५ ला. मोर्चानंतर बावन्न वर्षं.

१६. आणि जी बाई वॉशिंग्टन डीसीतच राहत होती, तिला १९२० मध्ये मत मिळालं का?

नाही! हा प्रश्न मला एका दहावीतल्या मुलीने विचारला होता आणि मी क्षणभर गप्पच झाले. डीसी हे राज्य नाही, त्यामुळे तिथल्या रहिवाशांना, पुरुष असो बाई असो, गोरा असो ब्लॅक असो, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मतच नव्हतं. ते १९६१ च्या तेविसाव्या दुरुस्तीने मिळालं आणि पहिल्यांदा १९६४ ला वापरता आलं. टेरेल १९५४ ला वारल्या. हॉवर्डच्या ज्या मुली शिकून आपापल्या राज्यात परत गेल्या त्यांचं गणित अर्थात वेगळं, ते त्या त्या राज्यावर अवलंबून.

१७. अ‍ॅलिस पॉल नायिका की खलनायिका? खरं सांगा.

दोन्ही शब्द मला जमत नाहीत. तुरुंगात गेली, उपोषण केलं, नळीने जबरदस्तीने अन्न घातलेलं सोसलं, हे तिचं. आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये ब्लॅक कार्यकर्त्या अ‍ॅडी हंटन यांच्याबरोबर चौदा राज्यांतल्या साठ ब्लॅक बायका तिला भेटायला गेल्या की दक्षिणेत आम्हाला मत देऊ देत नाहीयेत, तुमच्या पक्षाने हा विषय घ्यावा, तेव्हा तिने तो बायकांचा नाही, वंशाचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवला, हेही तिचंच. ज्या बाईला दोन्ही कारणांनी एकाच टेबलावरून परत पाठवलंय तिने कुठल्या खात्यात जायचं? माझा राग या दुसऱ्या गोष्टीवर आहे, १९१३ च्या घबराटीवर तेवढा नाही.

१८. याचा आपल्या महाराष्ट्राशी काही संबंध?

ओढूनताणून लावायचा नसेल तर एक धागा खरा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये ज्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्याच कॉलेजातून १८६७ मध्ये रेबेका कोल आणि १८७८ मध्ये कॅरोलाइन स्टिल अँडरसन या ब्लॅक बायका डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या. अँडरसन त्याआधी ओबर्लिनच्या. म्हणजे कल्याणची मुलगी ज्या संस्थेत शिकली तिथे या बायका आधीच शिकून गेलेल्या. आणि गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहेच. मताधिकाराचा थेट संबंध मात्र नाही, उगाच जोडू नका.

१९. त्या बावीस जणींचं पुढे काय झालं?

बहुतेक शिक्षिका झाल्या. जेसी मॅग्वायर डेंट टेक्सासमधल्या गॅलव्हेस्टनला परत गेली, शाळेत शिकवलं, आणि ब्लॅक शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार का म्हणून शाळा मंडळाला कोर्टात खेचलं, १९४३ ला जिंकलीही. लक्षात घ्या, तेव्हा तिच्या राज्यात व्हाइट प्रायमरी अजून चालूच होती (प्रश्न १५). मायरा डेव्हिस हेमिंग्ज सॅन अँटोनिओत शिकवायची आणि नाटकं करायची. बर्था पिट्स कॅम्पबेल सिअ‍ॅटलला गेली, तिथे अर्बन लीगच्या स्थापनेत होती. आणि १९८१ मध्ये, वय ९२, ती परत वॉशिंग्टनला आली आणि त्याच पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवरच्या मोर्चात दहा हजार डेल्टांच्या पुढे होती. १९१३ मध्ये ती तेवीस वर्षांची होती.

२०. वॉशिंग्टनला आलो तर काय काय बघायचं?

कॅपिटॉलच्या पश्चिमेला, पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यू जिथे सुरू होतो तिथलं पांढरं पीस मॉन्युमेंट शोधा, मोर्चा तिथून निघाला. मग सरळ ट्रेझरी बिल्डिंगपर्यंत चालत या. रमतगमत पाऊण तास. मे ते सप्टेंबर दुपारी नका करू, सावली कमी आहे आणि आमच्या मामेसासूबाई अर्ध्यात बाकावर बसल्या त्या उठेचनात. तिथून हॉवर्डला जायला बस किंवा मेट्रो, कॅम्पसच्या जवळच लेड्रॉइट पार्कमध्ये ३२६ टी स्ट्रीटवर टेरेल यांचं घर आहे. बघायला गेलात तर आधी समोरच्या फुटपाथवर जा. शेजारचं घर पाडलेलं असल्यामुळे एका बाजूची भिंत एकदम उघडी, उभीच्या उभी दिसते, आणि फोटो तिथूनच नीट येतो.